विग सोयीसाठी, सक्तीने नव्हे

केमोथेरपी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात माझे केस गळले. घरचे म्हणाले, "विग घातल्याशिवाय दारात जाऊ नकोस." बाईच्या बोडक्या डोक्याची ही धास्ती केशवपनाच्या काळापासूनची. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. समाजाची नजर मात्र पुरती बदलली नाही.

मी विग वापरते, पण कामावर जाताना, माझ्या सोयीसाठी. आत सुती टोपी घालते. कृत्रिम केसांचा विग गार पाण्यात सौम्य शाम्पूने धुते, सावलीत वाळवते. शेगडीच्या आचेने, कुकरच्या वाफेने हे केस आकसतात, म्हणून स्वयंपाकघरात उघड्या डोक्याने वावरते. पाहुण्यांना चहाही तशीच नेऊन देते.

जिला हवा तिला परवडणारा विग मिळावा. जिला नको तिच्यावर कुणी सक्ती करू नये.