विभक्त संसार, जामिनाची सही आणि नादारीचा कायदा

शिक्षकवर्गाला ‘नादारी’ हा शब्द परिचित आहे तो फीमाफीच्या संदर्भात. ऐपत नसलेल्या पालकांच्या मुलांना शाळेत नादारी मिळत असे. दिवाणी न्यायालयातील नादारी निराळी. कर्जफेड अशक्य झालेल्या व्यक्तीने आपली मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करावी, ती धनकोंमध्ये प्रमाणशीर वाटली जावी आणि यथावकाश त्या व्यक्तीस ऋणमुक्त होऊन पुन्हा उभे राहता यावे, अशी ही व्यवस्था आहे. गावात तिला ‘दिवाळे काढणे’ म्हणतात. त्या शब्दातील कुचेष्टेमुळेच अनेक प्रामाणिक ऋणको कायद्याच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत.

यासंबंधीचा मुंबई शहराचा कायदा १९०९ चा असून जिल्ह्यांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. २०१६ साली नवी संहिता संमत झाली. तथापि तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आला. त्यामुळे भडगाव तालुक्यातील शेतकरी, दुकानदार किंवा शिक्षिका यांचा अर्ज अद्याप १९२० च्या कायद्यानुसारच चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयाकडे अथवा शासनाने तसे अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयाकडे करावा लागतो.

पती-पत्नी वेगळे राहत असतील तर काय, हा प्रश्न येथे उद्भवतो. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. गिरणाकाठच्या एका गावातील गृहस्थ कापसाचा व्यापार करतात. त्यांच्या पत्नी प्राथमिक शिक्षिका आहेत. पतीने पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाला त्यांनी जामीनदार म्हणून सही दिली. पुढे बेबनाव होऊन त्या माहेरी आल्या. व्यापार बुडाला, पतीने नादारीचा अर्ज केला आणि वसुलीची नोटीस मात्र बाईंच्या शाळेत आली. ‘आम्ही तर केव्हाच विभक्त झालो’ हे त्यांचे उत्तर मनाला पटणारे असले, तरी कायद्यात टिकणारे नाही.

विवाहामुळे एकाचे कर्ज दुसऱ्याचे होत नाही. तसेच वेगळे राहिल्याने, न्यायिक फारकतीने किंवा घटस्फोटानेही जामिनाची सही पुसली जात नाही. करार अधिनियम, १८७२ नुसार, करारात अन्यथा ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. नादारी अधिनियमाचे कलम ४४ तर स्पष्टच सांगते की, नादारास मिळालेली ऋणमुक्ती त्याच्या जामीनदाराच्या किंवा सहकर्जदाराच्या उपयोगी पडत नाही. बाईंना एक मार्ग उरतो. भराव्या लागलेल्या रकमेपुरत्या त्या पतीच्या धनको ठरतात. म्हणून त्याच्या नादारीच्या कामात त्यांनी आपला दावा वेळीच नोंदवावा. वेतनावर जप्ती आलीच, तर पहिले एक हजार रुपये आणि उर्वरित रकमेचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित राहतो. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करण्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ ने मनाई आहे.

अशा परिस्थितीत पत्नी स्वतःही नादारीचा अर्ज करू शकते. अर्ज तिचा एकटीचा असतो; पतीची संमती लागत नाही. देणे किमान पाचशे रुपयांचे असावे, अशी अट आहे. (१९२० सालची ही मर्यादा आजच्या किराणा बिलालाही पुरणार नाही.) अर्जात सर्व धनको, सर्व देणी आणि सर्व मालमत्ता लिहावी लागते. काही लपविल्यास कायदा कठोर होतो. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने, शेतकऱ्याची अवजारे व बैल जप्तीतून वगळलेले आहेत. तिचे इतर स्त्रीधन मात्र तिच्या स्वतःच्या नादारीत हिशेबात धरले जाते.

नादारी पतीची असेल तर गोष्ट उलट आहे. स्त्रीधन पत्नीच्या पूर्ण मालकीचे असून पती फार तर त्याचा सांभाळ करणारा ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला आहे. रिसीव्हरने असे दागिने ताब्यात घेतल्यास २१ दिवसांत न्यायालयाकडे दाद मागावी. सोनाराच्या पावत्या आणि लग्नातील याद्या जपून ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी कळते. याउलट, कर्ज अंगावर येताना पाहून शेत किंवा घर घाईने पत्नीच्या नावे केले असेल, तर रास्त मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतरण पुढील दोन वर्षांत नादारीचा अर्ज होऊन नादारी जाहीर झाल्यास रद्द होऊ शकते. भांडणाचा देखावा करून मालमत्ता वाचविण्याची युक्ती न्यायालयांना नवी नाही.

पोटगीचे काय? फौजदारी प्रक्रिया संहितेखाली ठरलेली पोटगी नादारीने माफ होत नाही. पूर्वीचे कलम ४८८, नंतरचे १२५ आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १४४, असा त्या तरतुदीचा प्रवास आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, पोटगीच्या थकबाकीला पतीच्या मालमत्तेवर तारणधारक धनकोंच्याही आधी अग्रक्रम दिला. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खालील पोटगीसाठी मात्र स्थावर मालमत्तेवर बोजा मागून घ्यावा आणि सातबाराच्या इतर हक्कांत त्याची नोंद करवावी. बोजा असलेली स्त्री साध्या धनकोंच्या रांगेत उभी राहत नाही.

ऋणमुक्ती आपोआप मिळत नाही. मालमत्तेतून बिनतारणी देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर ही तूट आपल्या दोषामुळे नव्हे हे नादाराला पटवून द्यावे लागते. जुगार, बेफाम सट्टा किंवा दडविलेल्या हिशेबवह्या येथे आड येतात. शासकीय कर्मचाऱ्याने नादारीची माहिती आपल्या कार्यालयास देणे वर्तणूक नियमांनुसार आवश्यक आहे. ग्रामपंचायत सदस्य नादार ठरल्यास ऋणमुक्ती मिळेपर्यंत तो अपात्र असतो; आणि ही अपात्रता ज्याची नादारी त्याचीच असते. पती नादार झाला म्हणून सरपंच असलेल्या पत्नीचे पद जात नाही.