पडद्यावरील आकडे आणि घरातील वही



हिंदूराव हे नाव दिल्लीकरांच्या तोंडी रुळलेले आहे. ते कागलच्या घाटगे घराण्यातील, बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव यांचे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते. नित्य दृष्टीस पडणाऱ्या गोष्टीच निरखायच्या राहून जातात. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांतील आकड्यांचेही तसेच आहे.

3 जुलै 2000 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. प्रत्येक प्रश्नागणिक रक्कम दुप्पट होते, असा अनेकांचा समज होता. वस्तुतः 2,000 नंतर 3,000 आणि मग 5,000 येत. 6,40,000 ची दुप्पट 12,80,000. पडद्यावर मात्र 12,50,000. दुपटीनेच गेल्यास अखेरीस 1,02,40,000 झाले असते. एक कोटीचा नेमका आकडा साधण्यासाठी मध्ये 30,000 कमी केलेले होते. यात चूक कार्यक्रमाची नाही, न मोजता बोलणाऱ्यांची आहे.

दुसरा हिशेब अधिक मोलाचा. 50 लाख हाती असताना कोटीचे उत्तर चुकले, तर स्पर्धक 3,20,000 वर येई. प्रेक्षक सहज म्हणतात, “जाते काय? सांगून टाक!” जातात 46,80,000. चारही पर्याय सारखेच वाटत असतील, तर सरासरी प्राप्ती 27,40,000; दोनच उरले असतील, तर 51,60,000, म्हणजे हातच्या रकमेहून किंचित अधिक. तेवढ्यासाठी धोका पत्करावा का, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवण्यापूर्वी हिशेब मांडलेला असावा.

जाणकारही चुकतात. तीन दारांपैकी एकामागे बक्षीस आहे. स्पर्धकाने एक दार निवडल्यावर सूत्रधार उरलेल्यांपैकी रिकामे दार जाणूनबुजून उघडतो. अशा वेळी निवड बदलल्यास तीनपैकी दोनदा जिंकता येते, असे मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी 1990 मध्ये अमेरिकेतील ‘परेड’मध्ये लिहिले. हजारो वाचकांनी, त्यांत अनेक पीएच.डी.धारकांनी, त्यांनाच चुकीचे ठरवले. कारण साधे आहे: पहिली निवड तीनपैकी दोनदा चुकीचीच असते.

पालकहो, कार्यक्रम रंगात आला असता एखादे मूल म्हणते, “आई, हा आकडा जुळत नाही.” त्या क्षणी “गप्प बस, बघू दे” असे ऐकलेले मूल पुढे फळ्यावरची चूकही दाखवीत नाही, बिलातली दाखवीत नाही आणि कर्जाच्या कागदावरचीही दाखवीत नाही. त्याला वही आणून द्यावी, “मांडून दाखव” म्हणावे. त्याचे चुकले तर तेही वहीतच कळेल. शाळेने शिकवलेले गणित घरी टिकते ते अशाच संध्याकाळी.