वाचलेला खर्च जातो कोठे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती. नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात बहुआयामी दारिद्र्याचे प्रमाणही याच जिल्ह्यात राज्यात सर्वाधिक होते. हा योगायोग नव्हे. तरीही मुले मागे पडली की दोष त्यांच्या बुद्धीला किंवा शिक्षकाच्या आळसाला दिला जातो.

वस्तुस्थिती काय आहे? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील मूल घरी पावरी वा भिली बोलते; पहिलीचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीत येते. अक्षर आणि अपरिचित भाषा या दोहोंचे ओझे त्याला एकदमच उचलावे लागते. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघाले की धाकटी भावंडे सांभाळण्यासाठी अनेक मुलांना बरोबर जावे लागते. जूनमध्ये सुरू झालेले वर्ष मग उसाच्या फडातच सरते.

अशा वेळी शासन कोणता हिशेब मांडते? सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा याच जिल्ह्यातील तोरणमाळचा दाखला देण्यात आला. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक आणि सोबती मिळतात, हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो, वाचलेला खर्च जातो कोठे? तो नाहीसा होत नाही. ओढा ओलांडून चालणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीच्या माथी तो चढतो. तिने शाळा सोडली की तो कोणत्याच वहीत दिसत नाही. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी, हा शिक्षणहक्काचा नियम याचसाठी आहे.

शेतकऱ्यांच्या श्रमातून महसूल येतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतात, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. समान शिक्षणाचा अर्थ प्रत्येकामागे सारखा रुपया असा नाही. ज्याच्यापाशी कमी, त्याच्यावर अधिक खर्च, असा आहे.

म्हणून निव्वळ ठराव पुरेसे नाहीत. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वी तयार करा. हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्याआधी उघडण्यास जिल्हा परिषदेला भाग पाडा. पहिलीदुसरीला मुलांची बोली जाणणारा शिक्षक मागा. आणि पाड्यावरची शाळा ग्रामसभेला विचारल्यावाचून हलू देऊ नका.