जामीन आणि ऐपत

जामीन म्हणजे शिक्षा नव्हे. आरोपी सुनावणीस हजर राहील याची ती हमी. परंतु हमीची रक्कम आवांक्याबाहेर असली, कीं अपराध शाबीत होण्यापूर्वींच तुरुंगवास सुरू होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियांत हा प्रश्न उपस्थित झाला. २०१७ सालीं सान फ्रान्सिस्को शहरांत, साठी उलटलेल्या एका निवृत्त कामगारावर, वृद्ध शेजाऱ्याच्या खोलींत शिरून कांहीं डॉलर व सुगंधी द्रव्याची एक बाटली लुबाडल्याचा आरोप आला. जामीन ठरला ६,००,००० डॉलर. पुढें तो ३,५०,००० वर आला. निर्धनाला दोन्ही आंकडे सारखेच!

जानेवारी २०१८ मध्यें अपील न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. न्यायाधीशानें आरोपीची ऐपत पाहावी, आणि पैशाखेरीज अन्य अटींनीं काम भागेल कीं काय याचाहि विचार करावा, असा त्याचा निर्णय होता. फेरसुनावणीनंतर त्या आरोपीस रोख जामिनावांचून, देखरेखीच्या अटींवर सोडण्यांत आलें. २०२१ सालीं संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच तत्त्व मान्य केलें.

श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं प्रत्येक आरोपीस सोडावेंच, असें न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. समाजास खरोखर धोका असेल, तर पुराव्यानिशीं कारणें नोंदवून त्यास अडकवून ठेवतां येतें. मात्र केवळ खिसा रिकामा म्हणून कोणी कोठडींत राहूं नये, हें या निर्णयाचें सार.