फुकटच्या गाण्याची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



गाणी आता फुकट आणि कायदेशीर मार्गाने मिळतात. खर्च जाहिरातदार सोसतो, असे सांगितले जाते. अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने हे विधान तपासून पाहणे मला भाग आहे.

कल्पना जुनीच आहे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ टूथपेस्टच्या जाहिरातीवर चालली. १९६७ साली मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्यामुळे संगीत सामान्यांच्या घरी पोचले, हे मी नाकारीत नाही. परंतु जाहिरातीचा खर्च मालाच्या किमतीतूनच वसूल होतो. ज्या मजूर बाईच्या झोपडीत रेडिओ नव्हता, तीही साबणाच्या वडीबरोबर गाण्याचे पैसे भरीत होती. हा अप्रत्यक्ष करच होय. मात्र तो बसविणाऱ्याला विधिमंडळात जाब विचारता येत नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ‘स्पायरलफ्रॉग’ नावाची सेवा सुरू झाली. युनिव्हर्सलसारखी बलाढ्य कंपनी तिला गाणी देत होती. श्रोत्याने जाहिराती पाहावयाच्या आणि गाणे उतरवून घ्यावयाचे. पण त्या गाण्याला कुलूप होते. ठरावीक मुदतीत पुन्हा हजेरी लावून परवाना नवा केला नाही, तर गाणे मुके होई. मार्च २००९ मध्ये ही सेवा बंद पडली आणि परवाना नवा करण्याची सोयही संपली. श्रोत्याची स्थिती कूळकायद्यापूर्वीच्या कुळासारखी होती : वहिवाट त्याची, मर्जी मालकाची.

आणि गाणे निर्माण करणारा? आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा दिला. तो कंपनीला लिहून देण्याची सक्ती करता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आग्रह धरला होता. हा श्रमाचा विजय होता. परंतु जाहिरातीचे उत्पन्न किती, हे कंपनीच्या वहीतच राहिले, तर अर्धा वाटा तरी कशाचा मोजणार? गिरणीच्या ताळेबंदावाचून बोनस मागणाऱ्या कामगारांना ही अडचण पूर्वीपासून ठाऊक आहे.

म्हणून आपली मागणी गाणी महाग करण्याची नसावी. जाहिरातीच्या उत्पन्नाचा हिशेब कलावंतांच्या संघटनांना खुला व्हावा आणि आकाशवाणीचा ध्वनिसंग्रह, कलावंतांचे मानधन राखून, जाहिरातीविना जनतेला मिळावा. तो जनतेच्या पैशातूनच उभा राहिला आहे.