सीएला आपण पैसे कशाचे देतो?



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." पण आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने चर्चा चालली आहे ती वेगळीच. २००० सालच्या आपल्या दहावीच्या तुकडीत आज कुणाचं हार्डवेअरचं दुकान आहे, कुणाचं पार्लर, कुणाची रोपवाटिका, कुणाचं वर्कशॉप. आणि सगळ्यांचा सूर एकच: "सीए महिन्याला दोन हजार घेतो आणि करतो काय, तर बटण दाबतो. तू एवढी इंजिनिअर, एखादं ॲप करून दे की. फी तरी वाचेल." म्हणून म्हटलं, आज त्यावरच बोलावं.

आधीच सांगते, मी सीए नाही. आपल्यातले दोघं सीए पुढच्याच रांगेत बसलेत. माझं काही चुकलं तर त्यांनी हात वर करावा. आजच्या दिवस फी घेऊ नये.

या विषयाशी माझा संबंध आला तो धाकट्या भावामुळे. कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी सुरू केलेलं. तीन लेथ, पाच कामगार, मोठ्या कारखान्यांची जॉबवर्कची कामं, वर्षाची उलाढाल ६० लाखांच्या आसपास. बाबा सगळा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवायचे. ते गेले आणि वही भावाकडे आली. त्याला मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे कळतं, पण हिशेबाच्या वहीसमोर बसवलं की त्याला झोप येते. त्यामुळे सगळं सीएच्या ऑफिसवर सोपवलेलं. जीएसटीचे महिन्याला २,००० आणि आयकराचे वर्षाला ८,०००, म्हणजे वर्षाचे ३२,००० रुपये. काम मंदावलेल्या एका वर्षी त्यानं मला सरळ विचारलं, "ताई, ही फी बंद करू का?" कामगाराला कमी करावं की सीएला, असा त्याचा हिशेब चालला होता. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आमच्या धंद्यात जुनी प्रणाली काढून नवी बसवायची असेल तर जुनी लगेच बंद करत नाहीत. काही काळ दोन्ही शेजारी-शेजारी चालवतात, उत्तरं ताडून बघतात आणि मगच जुनीचं बटण बंद करतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षात मी तेच केलं. भावाची विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, बँकेचं स्टेटमेंट, सगळं दर महिन्याला पुण्यात माझ्या लॅपटॉपवर. तिकडे सीएचं ऑफिस नेहमीसारखं काम करत होतं.

तुमच्या बाजूनं जे निघालं ते आधी सांगते. बारा महिन्यांत माझे आकडे आणि त्यांचे आकडे एकदाही वेगळे आले नाहीत. पहिल्या महिन्याला माझा अख्खा रविवार गेला, पुढे तीन तासांत काम उरकू लागलं. जीएसटीचं पोर्टल फुकट आहे, आयकराचंही. विक्रीची बिलं चढवली की थ्री-बीमधले निम्मे आकडे पोर्टल स्वतःच भरून दाखवतं. व्यवहारच झाला नसेल तर शून्य रिटर्न एसएमएसनंही जातं. तेव्हा "बटण दाबतो" हे तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. ते बटण आता आपणही दाबू शकतो.

दंडाची भीती म्हणावी, तर तीही मोजून पाहिली. थ्री-बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, आणि दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. समजा भावानं बाराही महिने हद्द गाठली, तरी २४,००० झाले. थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज लागेल ते वेगळं. पण केवळ उशिराच्या दंडाला घाबरून ३२,००० देणं हिशेबात बसत नाही. खरा फटका दुसरीकडे असतो. सलग दोन रिटर्न राहिली की ई-वे बिल निघत नाही. आणि आपण बिलं चढवली नाहीत तर गिऱ्हाइकाला त्याचं इनपुट क्रेडिट दिसत नाही. मग गिऱ्हाईक भांडत बसत नाही, मुकाट्यानं दुसऱ्याकडे जातं.

आता त्याच वर्षातल्या तीन गोष्टी सांगते. या तीन माझ्या लॅपटॉपला जमल्या नाहीत.

पहिली गोष्ट पोलादाच्या बिलाची. भावानं एक लाखाचं मटेरियल घेतलं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,००० रुपये. पैसे दिले, पण पुरवठादारानं बिल पोर्टलवर चढवलंच नाही. २०२२ पासून नियम असा आहे, की बिल आपल्या टू-बीमध्ये दिसलं नाही तर क्रेडिट घेता येत नाही. माझ्या सॉफ्टवेअरनं ती ओळ लाल करून दाखवली, इतकंच. सीएच्या ऑफिसातून फोन आला: "पुढच्या बिलाचे पैसे देताना तेवढी कराची रक्कम मागे ठेव. आधीचं बिल चढलं की दे." चौथ्या दिवशी बिल चढलं. यात मोठी विद्या नाही, मान्य. पण लाल ओळ दिसणं आणि त्या दिवशी काय करायचं हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट आयकराची, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी. छोट्या धंद्याला अंदाजित नफ्याची सोय आहे. ४४एडी म्हणतात ती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक वेगळा आहे. या सोयीत बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरतात. भावाचे सगळे पैसे बँकेतूनच येतात. माझ्या लॅपटॉपनं क्षणात उत्तर दिलं: ६० लाखांचे ६ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, कर शून्य. मला ते उत्तर फार सुबक वाटलं.

सीएंनी भावाला विचारलं, "येत्या दोन-तीन वर्षांत मशीन घ्यायचंय का?" घ्यायचं होतं. सीएनसी घ्यायचं त्याच्या डोक्यात कधीपासून होतं. मग ते म्हणाले, "कायदा म्हणतो किमान एवढा तरी दाखवा. तुझा खरा नफा आठ लाखांचा आहे, तर आठच दाखव. साडेतीन लाखांच्या कमाईवर बँक तुला कसला हप्ता झेपेल म्हणणार?" त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीत आठ लाखांवर कर बसला ३६,४०० रुपये. भावानं ते भरले. पुढे कर्जाच्या वेळी बँकेनं आधी मागितली ती रिटर्नंच, आणि आज वर्कशॉपमध्ये सीएनसी उभं आहे.

सीए कर वाचवण्यासाठी असतो अशी आपली समजूत. इथे त्यांनी कर भरायला लावला, आणि तोच त्या वर्षातला सगळ्यात मोलाचा सल्ला ठरला. माझ्या सॉफ्टवेअरचं उत्तर चूक नव्हतं. पण मशीन घ्यायचंय का, हे त्यानं विचारलं नाही. कारण त्या फॉर्ममध्ये तशी चौकटच नाही.

तिसरी गोष्ट येणे बाकीची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत हा कायदा २००६ चा. पण त्याला दात आले त्या वर्षी. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर जेव्हा देतील त्या वर्षापर्यंत ती रक्कम खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. जानेवारीत सीएंनी भावाला सांगितलं, "बिलावर उद्यम क्रमांक छाप आणि तिन्ही मोठ्या गिऱ्हाइकांना एक साधं पत्र पाठव." दोघांनी ३१ मार्चच्या आत पैसे चुकते केले. तिसऱ्यानं तीन महिन्यांची सवय सोडली नाही, वर ऑर्डरीही कमी केल्या. म्हणजे फायदा झाला आणि ओरखडाही उठला. पण कोणाच्या जिवावर आपण धंदा करतोय, हे भावाला त्या निमित्तानं कळलं.

या तीन गोष्टींना मिळून किती वेळ लागला? माझ्या अंदाजानं दीड तास. वर्षाच्या ३२,००० रुपयांतलं खरं मोल त्या दीड तासाचं होतं. बाकीची भरणावळ होती.

तर माझं उत्तर असं, की ज्याला आपण फी म्हणतो त्या दोन फिया आहेत. एक भरणावळीची. ती कमी होणारच, आणि कमी मागायला लाजू नका. दुसरी सल्ल्याची. ती द्यावी, पण सल्ला मागून घ्यावा. आपल्यातले बरेचजण दोन्हींचे पैसे देतात आणि घेतात फक्त भरणावळ. यात त्यांच्या ऑफिसची गर्दी असते हे खरं, पण आपणही १८ तारखेला पिशवीभर बिलं नेऊन टाकतो आणि २० तारखेला रिटर्न गेलं का एवढंच विचारतो. त्या माणसानं आपल्या धंद्याचा विचार कधी करावा?

गणितात नुसतं उत्तर लिहिलं तर सर अर्धे गुण कापायचे. पायऱ्या दाखवा म्हणायचे. सर आज समोर आहेत म्हणून सांगते, तीच सवय इथे लावा. सीएंना वर्षातून दोनदा, सप्टेंबरात आणि फेब्रुवारीत, ठरवून तासभर मागा आणि पायऱ्या विचारा. माझा नफा एवढा का दाखवला? कंपोझिशनमध्ये राहू की बाहेर पडू? अंदाजित नफ्याची सोय सोडली तर पुढे काय? ती सोडून कमी नफा दाखवला तर पुढची पाच वर्षं ती मिळत नाही. फॉर्ममध्ये ती एका टिचकीची गोष्ट आहे. असल्या प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तर नाही आणि वेळही नाही, त्याची फी महाग. मग ती पाचशे का असेना.

सगळ्यांनाच दरमहा सीए लागतो असंही नाही. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला ४० लाख आणि सेवेला २० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. राज्याबाहेर माल विकत असाल तर मात्र लागते. जिचं घरगुती डबे पुरवण्याचं किंवा शिवणकामाचं काम आहे, पैसे खात्यात येतात आणि हिशेब वहीत मांडलेला आहे, तिनं वर्षातून एकदा पैसे देऊन नीट सल्ला घ्यावा. तेवढं पुरतं.

आणि फी कितीही द्या, तीन गोष्टी स्वतःकडे ठेवा. पोर्टलवरचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपलाच हवा. नाहीतर नोटीस दुसऱ्याच्या फोनवर येते आणि आपल्याला कळते मुदत संपल्यावर. कराची रक्कम कुणाच्या हातात रोख देऊ नका, चलन आपल्या खात्यातून भरा. आणि समोरचा माणूस सीए आहे की कर सल्लागार, हे विचारून घ्या. रिटर्न भरायला सल्लागारही चालतो, पण ऑडिटवर सही सीएचीच लागते. फी दिली म्हणून जबाबदारी त्यांच्याकडे जात नाही. रिटर्न आपल्या नावानं जातं.

भावानं शेवटी काय केलं? बिलांच्या नोंदी आता माझी भावजय वर्कशॉपमध्येच करते. महिन्याची फी बोलून १,००० वर आणली. आयकराचे ८,००० तसेच ठेवले. वर्षातल्या दोन बैठकांचे ३,००० प्रमाणे ६,००० वेगळे ठरवले. एकूण २६,०००. वाचले सहाच हजार. पाचही कामगार कामावर आहेत. आणि आता सीएंकडे जाताना भाऊ प्रश्न लिहून नेतो. वहीसमोर झोपणारा माणूस प्रश्न लिहून नेतो, ही माझ्या मते त्यातली मोठी कमाई.

राहिलं ॲप. ते मी करणार नाही. बाजारात पुष्कळ आहेत, आणि पुढे एआय आणखी पुष्कळ गोष्टी करील. ते तुमच्या प्रश्नांना उत्तरं देईल, पण तुमच्या मनात कुठलं मशीन आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. आणि नोटीस आली तर ते तुमच्याबरोबर साहेबासमोर जाऊन उभं राहणार नाही.

आता जेवणाची वेळ झाली आहे. एकच विनंती करते. पुढच्या रांगेतल्या दोघांना पंगतीत गाठून फुकट सल्ला मागू नका. त्यांची वेळ घ्या, प्रश्न लिहून न्या, आणि फी द्या.