तहाने मिळालेली भूमी



एका राष्ट्राची भूमी दुसऱ्या राष्ट्राकडे जाण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन : युद्ध, तह आणि खरेदी. अभ्यासाच्या सोयीसाठी ते वेगवेगळे मानले जातात. व्यवहारात मात्र त्यांची सरमिसळ झालेली आढळते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको या दोन शेजारी राष्ट्रांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गो येथे उभय राष्ट्रांत तह झाला, तेव्हा अमेरिकी सैन्य मेक्सिकोच्या राजधानीत तळ देऊन होते. या तहान्वये कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला. टेक्साससंबंधी रिओ ग्रांदे नदी ही सीमा ठरली. मोबदल्यादाखल मेक्सिकोस दीड कोटी डॉलर देण्याचे ठरले. विजेत्याने पराभूतास किंमत मोजावी, हे वरवर पाहता औदार्य वाटते. वस्तुतः किंमत दिल्यामुळे जिंकलेल्या भूमीस विकत घेतलेल्या भूमीचे रूप प्राप्त होते. तहापूर्वी अवघे नऊ दिवस कॅलिफोर्नियात सोने सापडले होते. परंतु ती वार्ता तह करणाऱ्यांच्या कानी पोचलेली नव्हती.

भूमीबरोबर तीवरील माणसेही हस्तांतरित होतात. कोणत्या राष्ट्राचे नागरिकत्व पत्करावयाचे हे ठरविण्यास रहिवाशांना एक वर्षाची मुदत मिळाली. त्यांच्या मालमत्तेच्या रक्षणाचे अभिवचनही तहात होते. मात्र जमिनीच्या जुन्या सनदांना मान्यता देणारे दहावे कलम अमेरिकेच्या सिनेटने गाळून टाकले. पुढे १८५१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील सनदधारकांवर आपला हक्क सिद्ध करण्याचा भार टाकला. दावे वर्षानुवर्षे रेंगाळले आणि कज्ज्यांचा खर्च भागविता भागविता अनेकांच्या जमिनी गेल्या.

मेसिला गावाची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकेच्या अमलाखाली राहण्याची इच्छा नसलेली काही कुटुंबे १८४८ नंतर मेक्सिकोच्या हद्दीतील या गावी येऊन वसली. इकडे अमेरिकेस दक्षिणेकडून रेल्वेमार्ग न्यावयाचा होता व त्यासाठी सपाट भूमी हवी होती. ३० डिसेंबर १८५३ रोजी जेम्स गॅड्सडेन यांनी मेक्सिकोशी करार केला. सिनेटने त्यात काटछाट केल्यावर सुमारे तीस हजार चौरस मैलांची किंमत एक कोटी डॉलर ठरली. त्या प्रदेशात मेसिलाही होते. ज्या सत्तेपासून दूर जाण्यासाठी लोकांनी घरे सोडली, त्याच सत्तेचा ध्वज १८५४ मध्ये त्यांच्या चौकात उभारला गेला.

सीमा म्हणून मान्य केलेली नदीही स्थिर राहिली नाही. तिचे पात्र दक्षिणेस सरकल्याने चामिसाल नावाचा मेक्सिकोचा भूभाग उत्तर तीरावर, एल पासो शहराच्या बाजूस आला. १९११ मध्ये लवादाने त्याचा मोठा भाग मेक्सिकोस देऊ केला. अमेरिकेने तो निवाडा नाकारला. अखेर १९६३ च्या करारान्वये ही भूमी परत करण्यात आली आणि नदीस काँक्रीटचे पात्र बांधण्यात आले. त्यासाठी एल पासोतील पाच हजारांहून अधिक रहिवाशांना भरपाई घेऊन घरे सोडावी लागली.

एका अन्यायाचे परिमार्जन झाले खरे. पण याही वेळी तहावर सह्या करणारे वेगळे होते आणि बिऱ्हाड हलविणारे वेगळे. भूमीच्या अशा व्यवहारांचे मूल्यमापन करताना क्षेत्रफळ आणि किंमत यांच्या जोडीने या दुसऱ्या वर्गाचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.